फोनवरचा होकार

हैदराबाद
७ ऑगस्ट

शिवकन्या,

आणि वरून तूच लिहितीस, "भाऊ, घाई करू नको, विचार करून लिहीत जा." विचार करूनच तर घात झाला माझा! तुझं ते लाल पेन डोक्यात घेऊन मी हेडसेट कानाला लावला आणि नापास होऊन परत बॅगांपाशी आलो. वाचलंस? नापास. बाबाला सांगू नको. बाबाला वाटतंय मी पास झालो, कारण मी अजून काहीच सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं आपल्या घरात चांगलंच धरतात.

आता सगळं ऐक, मग बघ चूक कोणाची. मी बॅगा चढवणारा माणूस. विमानाच्या पोटात वाकून बसायचं आणि खालून आलेली बॅग आत लोटायची. हमालीच ती, फक्त विमानतळावरची. पण विमान निघायच्या वेळेला एक माणूस त्याच्या नाकाखाली उभा असतो, कानाला हेडसेट, वायर विमानात खोचलेली. पायलटला मागचं काही दिसत नाही. ट्रॅक्टरसारखी एक बुटकी गाडी विमानाला मागं ढकलती आणि हा माणूस सोबत चालत चालत पायलटशी इंग्रजीत बोलतो. ब्रेक सोडला का, ढकलू का, थांबलो, ब्रेक लावा. एवढंच. पण एवढ्यावर अख्खं विमान हलतं. मला ती जागा पाहिजे. तिच्यासाठी खोलीवर सगळे झोपले तरी मी कानात वायर घालून त्या चष्मेवाल्या सराचे हेडसेटच्या इंग्रजीचे व्हिडिओ पाहायलो, तुला माहीत आहे.

परीक्षेला खरं विमान नव्हतं. ट्रेनिंगचे सर त्याच बुटक्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून पायलट झाले, मी खाली. पहिली वाक्यं मी फटाफट म्हणलो. मग सर मधीच काहीतरी लांबलचक बोलले. मला अर्धं कळलं. आणि त्या अर्ध्यात तू आडवी आलीस! हे 'हॅज' होतं का 'हॅड', उत्तराला 'आय ॲम' म्हणू का 'आय विल', तुझी सगळी पानं डोळ्यापुढं नाचायला लागली. तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "यस सर." आणि हातानं गाडीवाल्याला खूण केली, चल. सर म्हणत होते थांब, मागून दुसरं विमान चाललंय. त्यांनी हेडसेट काढला आणि कागदावर फुली मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पायलट मला कधी म्हणणार आहे का, "काल राम शाळेत गेला होता"? मग त्याची पानंच्या पानं कामून लिहायला लावतीस? सातवीला शाळा सुटली तेव्हा म्हणलं चला, मास्तरापासून तरी सुटलो. आता बहीण जिंतूरच्या कॉलेजला गेली आणि मास्तरीण होऊन बसली. आणि हे लखोट्यातनं पानं पाठवायचं खूळ पण तुझंच. खरं आहे, फोन बाबाचा, फोटो पाठवला तर सगळं घर पाहणार आणि सूर्यभानकाका मोठ्यानं वाचणार. तरी पण.

बाबाचा मागं फोन आला होता. मी जेवायच्या सुट्टीत बाहेर उभा होतो आणि डोक्यावरून विमान उठत होतं. काहीतरी करायचं का म्हणून विचारत होते. पत्र्याच्या शेडचं असंल. मी म्हणलं हो, करून टाका. झालं का शेड, कळव. आणि ते लाल पेन उकिरड्यावर टाक.

वैजीनाथ


चिंचोली, ता. जिंतूर
१६ ऑगस्ट

भाऊ,

शेड झालं नाही. शेडाचा विषय कुणाच्या मनातसुद्धा नव्हता. तू ज्याला "हो, करून टाका" म्हणालास, ते माझं लग्न होतं.

पाथरीहून केशरआत्या आली होती, दत्ताला घेऊन, त्याच्याच जीपमध्ये. मला वाटलं पावसापाण्याचं बोलायला आली. मग सूर्यभानकाका आले, गल्लीतली आणखी दोन माणसं आली, सतरंजी टाकली, आणि माय मला म्हणाली, "जास्तीचा चहा ठेव." तेव्हा कळलं की ही बैठक आहे. आत्या म्हणाली, "पंडित, मी भाऊ म्हणून पदर पसरायलेय. तुझी पोरगी माझ्या दत्ताला दे." बाबा काय नाही म्हणणार? बहिणीनं मागितलेली पोरगी नाकारलेली आपल्या वाड्यावस्तीत कुणी ऐकली नाही. तरी बाबा मोठ्या रुबाबात म्हणाले, "घरचा कमावता पोरगा तिकडं हाय. त्याला इचारल्याशिवाय आमी काई करत न्हाई."

फोन खाटेवर ठेवला, आवाज मोठा केला. आधी तुझं विमान ऐकू आलं. सूर्यभानकाका म्हणाले, "ऐका, वैजू इमानातनं बोलायलाय!" सगळे हसले. मग बाबा म्हणाले, "वैजू, केशरबाई आलीय, शिवकन्येला दत्तासाठी मागायलीय, तुझं काय म्हणणं हाय?" आणि तू म्हणालास, "हो बाबा, हो. करून टाका. लागंल ते मी बघतो."

लागंल ते मी बघतो! बैठक वाहवा करायला लागली. भाऊ असावा तर असा. तिथल्या तिथं सुपारी फोडली. मी आत चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली आणि चहा सगळा चुलीवर. दसऱ्याला साखरपुडा, तुळशीच्या लग्नानंतर माझं.

मला पहिल्यांदा वाटलं तू मुद्दाम केलंस. तुझं पत्र आलं आणि कळलं की तुला काय विचारलं तेसुद्धा माहीत नाही. ह्याच्यापेक्षा मुद्दाम केलं असतंस तरी चाललं असतं, निदान डोकं तरी लावलं असतंस.

आता तुझ्या नापास होण्याचं. माझ्या व्याकरणानं नाही नापास झालास तू. तुला कळलं नव्हतं आणि तू हो म्हणालास. सरासमोर तेच, बाबासमोर तेच. त्या चष्मेवाल्या सराच्या प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट असतेच असते: कळलं नाही तर 'से अगेन' म्हणा, परत बोला म्हणा, पायलट थांबतो. तू ते सोडून बाकी सगळं पाठ केलंस. तिकडं निदान खोटं विमान होतं. इकडं मी होते.

तपासलेली पानं सोबत आहेत. लाल पेनानंच तपासलीत.

शिवकन्या


हैदराबाद
२५ ऑगस्ट

शिवकन्या,

तुझं पत्र मी ड्यूटीवर जाताना वाचलं आणि दिवसभर बॅगा अशा आपटल्या की सुपरवायझर म्हणला, कुणाचं सामान आहे रे, दुश्मनाचं का?

बरं, झालं ते झालं. मला ऐकू आलं नव्हतं, मान्य. पण आता काय करू म्हणतीस? शब्द गेला. चार माणसांत गेला. सुपारी फुटली. ती परत जोडता येती का?

आणि एक मला सांग, दत्तात वाईट काय आहे? दारू पीत नाही. पाथरी-सेलू जीप चालवतो, स्वतःची आहे. लहानपणी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्यानंच, मी नाही. आत्या तोंडाची फाटकी आहे पण पोटात काही नाही तिच्या. लोकांच्या पोरी कुठं कुठं पडायल्यात, तू तर आत्याच्या घरात चाललीस. मग एवढा तमाशा कशाचा? तुला काय राजवाडा पाहिजे का?

मी तुला एक खरं सांगू का, सांगतोच. इथं माझ्या शब्दाला किंमत काय आहे माहीत आहे? मी बोललो की लोक माझ्या खांद्याकडं बघतात, किती किलो उचलंल म्हणून. नावानं हाक मारत नाहीत, "ए लोडर". आणि तिकडं गावात बैठक बसली, मोठी मोठी माणसं चहा पीत बसली आणि माझ्या एका 'हो' साठी थांबली. तू पत्रात ते चेष्टेनं लिहिलंस. मी ते परत परत वाचलं. माझा बाप चार माणसांत म्हणला, पोराला विचारल्याशिवाय करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणला. आणि आता मी फोन करून म्हणू का, नाही हो बाबा, मी येडा आहे, मला ऐकू येत नाही, माझं बोलणं मनावर घेऊ नका? थुंकून चाटू का मी?

तुला नव्हतं करायचं तर तू कामून गप बसलीस? तुला तोंड नव्हतं का? गाळणी टाकून बाहेर यायचं आणि म्हणायचं, मला नाही करायचं. मला इंग्रजी शिकवायला तोंड आहे, बाबासमोर नाही. मग मला एकट्याला कामून बोलतीस?

पानं करणं मी बंद केलंय. पास होऊन तरी काय दिवे लावणार. ओमप्रकाश म्हणतो, कर रे बाबा, बहीण फुकट शिकवायलीय. हा ओमप्रकाश माझ्या खोलीशेजारचा, गंगाखेडचा, हेडसेटवर काम करतो तो. मी म्हणलं, तुला पाहिजे तर तू घे माझी बहीण मास्तरीण म्हणून. तो म्हणला, मला आहे एक घरात, तीच पुरं.

वैजीनाथ


चिंचोली
४ सप्टेंबर

भाऊ,

दत्तात काही वाईट नाही. हेच तर अवघड आहे. वाईट असता तर मी तुला पत्र लिहिलं नसतं, माय आणि मी मिळूनच त्याला हाकललं असतं.

तुझं एक बरोबर आहे. मी गप बसले. म्हणून तुझं पत्र आल्यावर मी बोलले. महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी बाबा खुशीत होते, मी भांडी घासता घासता म्हणलं, "बाबा, मला इतक्यात लग्न नाही करायचं." बाबा काय म्हणाले ऐक: "भावानं शब्द दिला. आता तू कोन?" रागावले पण नाहीत. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. मायकडं पाहिलं तर माय म्हणाली, "मला तर कोनी चहा पन ठिवायला सांगितला नव्हता, डायरेक हळद लावली." आणि तोंडाला पदर लावला. रडली का हसली ते मला अजून कळलं नाही.

आता तुला एक सांगायचं राहिलंय. सांगणार नव्हते, कारण तुझी परीक्षा व्हायची होती आणि तुला वाटलं असतं मी तुझ्याआधी पळायले.

तुझी पानं तपासायला मी ते व्हिडिओ बघायला लागले. बाबा जेवून पडले की फोन माझ्याकडं असतो. आधी तुझ्यासाठी बघत होते. मग तुझ्या चुका का होतात ते कळावं म्हणून बघायले. मग माझ्यासाठी. हेडसेटचं नाही, प्रवाशांच्या काउंटरचं. तुमच्याच विमानतळावर दुसऱ्या एका कंपनीला बारावी झालेल्या मुली पाहिजेत, इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मी अर्ज केला. फोनवरून त्यांच्या बाईनं माझं बोलणं घेतलं, मी गोठ्यात उभी राहून बोलले, मागं म्हैस ओरडत होती. बाई हसली, म्हणाली ते काय आहे? मी इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, दॅट इज अवर बफेलो, शी इज ऑल्सो अप्लाइंग." तिनं मला मुलाखतीला बोलावलंय. २९ ऑक्टोबर, हैदराबाद.

मला ती नोकरी मिळेल का माहीत नाही. तिथं शहरातल्या मुली येतील. पण मला जाऊन नापास व्हायचंय, भाऊ. न जाता नापास नाही व्हायचं.

साखरपुडा झाला की आत्या मला पाठवणार नाही, तिनं आत्ताच कॉलेजचं विचारलंय, "आता बस झालं की." आणि बाबा माझं ऐकणार नाहीत, कारण माझं ऐकायचं नसतं असं ते धरूनच चाललेत. तुझं ऐकतात. शब्द तुझा गेलाय, तो तुझ्याशिवाय कुणालाच परत घेता येत नाही. थुंकून चाटणं वाटत असेल तर चाट. दसऱ्याच्या आधी. नाही जमलं तर ह्यापुढं पत्र लिहू नको, पाथरीचा पत्ता मी तुला देणार नाही.

शिवकन्या


हैदराबाद
२२ सप्टेंबर

ती. बाबांना वैजीनाथचा दंडवत,

हे पत्र शिवकन्या वाचून दाखवील. शिवकन्या, बाबा खाटेवर बसल्यावर वाच, माय पण समोर पाहिजे. एक शब्द गाळायचा नाही आणि माझं मराठी नीट करत बसायचं नाही.

बाबा, बैठकीच्या दिवशी तुमचं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. एक शब्दही नाही. डोक्यावरून विमान चाललं होतं. तुमचा आवाज ओळखला, तुमी काहीतरी विचारायलात एवढं कळलं, म्हणून हो म्हणलं. मला वाटलं पत्र्याचं शेड. तुमी म्हणाल, मग परत विचारायला काय झालं होतं? नाही विचारता येत बाबा. तुमाला परत विचारायची सवय आमाला तुमी लावलीच नाही. उसाच्या फडात मी लहान होतो, तुमी काहीतरी आणायला सांगितलं आणि मी "काय?" म्हणलं. तुमच्या हातात ऊस होता. तेव्हापासून मी तुमाला "काय" म्हणलेलं नाही. काय आणायचं ते न कळताच पळत सुटायचो आणि बैलगाडीपाशी जे हाताला लागंल ते आणायचो. कधी बरोबर निघायचं, कधी मार बसायचा. पण "काय" म्हणल्यावर जेवढा बसायचा त्याच्यापेक्षा कमी.

मी हे पत्र लिहिणार नव्हतो. शिवकन्येच्या पत्राला उत्तर पण दिलं नाही. मनात म्हणत होतो, शब्द म्हणजे शब्द. मग परवा एक विमान निघत होतं. खाली हेडसेटवर माझ्या खोलीशेजारचा ओमप्रकाश, मी बाजूला बॅगांच्या गाडीपाशी. वरून कॅप्टन काहीतरी बोलला, पांढऱ्या केसांचा माणूस, काचेतून दिसत होता. ओमप्रकाशला कळलं नाही. तो म्हणला, परत बोला. कॅप्टन बोलला. ह्याला पुन्हा नाही कळलं. हा पुन्हा म्हणतोय, परत बोला. मीच घाबरलो, म्हणलं गेली ह्याची नोकरी. विमान माणसांनी भरलेलं, लोक खिडकीतून पाहायलेत, आणि गंगाखेडचं पोरगं त्याला थांबवून सांगतंय की मला समजलं नाही. मग कॅप्टन एकेक शब्द सुटा करून बोलला, तेव्हा विमान हललं. मी नंतर त्याला विचारलं, भीती नाही वाटली का रे? तो म्हणला, "भीती वाटली म्हणूनच इचारलं, येड्या."

बाबा, मी तुमच्यावर रागावलोय. हे दोनदा खोडलं, तरी लिहायलोय. तुमी बैठकीत मला विचारलं म्हणून मी लय फुगलो होतो. पण तुमी विचारलं नव्हतं. चार माणसांत विचारलं की वैजू हो म्हणणार, हे तुमाला माहीत होतं. ज्याला नाही म्हणता येत नाही अशाच माणसाला तुमी विचारलं. जिचं लग्न ती भिंतीपलीकडं चहा करत होती. तिला विचारायला फोन लागत नव्हता.

माझा हो मी परत घेतो. माझी इज्जत गेली तर जाऊ द्या, लय मोठी नव्हती. आत्याला सांगा, वैजूनं न ऐकता हो म्हणलं, वैजू गाढव आहे, तुझ्या पोरात खोट नाही. सुट्टी मिळाली असती तर मी येऊन पाया पडलो असतो. शिवकन्येला २९ ऑक्टोबरला इकडं मुलाखत आहे. तिला पाठवा. ती नापास झाली तर परत येईल, तेव्हा पुढचं तिलाच विचारा. मी स्टेशनवर घ्यायला येतो, ओमप्रकाशच्या बायकोपाशी राहील.

तुमी मला घरात घेणार नसाल तर तसं कळवा. पण एकदा नीट कळवा, मला कळलं नाही तर मी परत विचारणार आहे.

तुमचा
वैजीनाथ


चिंचोली
३ ऑक्टोबर

भाऊ,

वाचलं मी. बाबा खाटेवर, माय उंबऱ्यात, आणि मी मधी उभी, शाळेत धडा वाचतात तशी. "तुमच्या हातात ऊस होता" तिथं मी अडखळले, पण गाळलं नाही. "वैजू गाढव आहे" हे मात्र मजेत वाचलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकदम भडकले. "पोरगं बॅगा उचलायला गेलं अन् बापाला शिकवायला लागलं! म्हनं मी इचारलंच न्हाई! मग फोन काय म्हशीला लावला होता का?" मायनं तेवढ्यात म्हणलं, "तिला लावला असता तर बरं झालं असतं, ती तरी थांबून ऐकती." भाऊ, मी मायला बाबासमोर असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. बाबांनीपण नसावं. ते गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धोतर बदललं, टोपी घातली आणि एकटेच एसटीनं पाथरीला गेले. मला वाटलं आत्याला समजावून साखरपुडा अलीकडं ओढायला गेलेत. रात्रभर मी बॅग भरावी का लपवावी हेच ठरवत होते.

सकाळी दारात जीप. आत्या उतरली ती बोलतच. सगळी गल्ली गोळा. "पंडित, तुझ्या पोरानं फोनवर हो म्हनायचं अन् कागदावर न्हाई म्हनायचं? उद्या इमानातनं चिठ्ठी टाकंल का आनखी? अन् ही! काउंटरवर उभी ऱ्हानार! घरात आत्यासमोर उभी ऱ्हाता येईना!" मला जवळ ओढलं, वाटलं आता मारती. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा ओरडायला लागली. बाबा जीपच्या मागं उभे. त्यांनी पाथरीला जाऊन काय सांगितलं ते आजपर्यंत कुणाला कळलं नाही, आत्या पण सांगत नाही. एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात खाली मान घालून आला, ते काय मी पाहू?" तिचा सगळा राग त्याचाच होता असं मला वाटतं. माझा नव्हता.

आणि दत्ता. तो खाली उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसला. मी मागून गेले तेव्हा कारण कळलं. जीपच्या मागच्या काचेवर, मोराचा पिसारा काढून, 'शिवकन्या' असं लिहून घेतलंय. गुलाबी रंगात. सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच लिहून घेतलं म्हणे. दोन महिने पाथरी-सेलू रस्त्यावर माझं नाव धावायलंय आणि मला पत्ता नाही. मला हसू आलं आणि लाज पण वाटली. मी त्याच्या खिडकीपाशी जाऊन म्हणलं, "दत्ताभाऊ, माझ्यावर रागावलास का?" तो म्हणाला, "आता भाऊ म्हन्लीस का. बरं." मग मागच्या काचेकडं मान करून म्हणाला, "रंगारी खरवडायला लिहिन्यापेक्षा जास्ती मागायलाय. पिसारा काचंला लय धरलाय म्हनतो."

आत्यानं ते ऐकलं. "ते पैसे वैजू देईल. ज्यानं हो म्हन्लं त्यानं." आणि जीप निघून गेली, नाव घेऊन.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पण काल दसऱ्याचं सोनं दिलं तेव्हा हात मागं घेतला नाही, आणि आज मायला विचारत होते, "परभणीहून हैदराबादची गाडी किती वाजता हाय?" माय म्हणाली, "मला काय म्हाईत, तिला इचारा." अजून विचारलं नाही. विचारतील.

तुझी परीक्षा कधी?

शिवकन्या


हैदराबाद
११ ऑक्टोबर

शिवकन्या,

परीक्षा झाली आणि मी परत नापास. हस! ह्यावेळेला कारण तूच, पुन्हा. तू लिहिलंस ना, कळलं नाही तर परत विचार. मी विचारलं. न कळलेलं तर विचारलंच, कळलेलं पण विचारलं. सर बोलले की मी "से अगेन", ते परत बोलले की मी "से अगेन". सर म्हणले, अरे, ह्या पायलटचं विमान उद्या तरी निघंल का? पुढल्या महिन्यात परत ये, पण कळलेल्याला कळलं म्हणायला शिकून ये. लोक पाहत होते. ओमप्रकाश तर हसून हसून पायरीवर बसला. मी सरळ बॅगांपाशी गेलो. पानं पाठव. जास्तीची पाठव.

आता तुझ्याबद्दल. गाडीत दाराशी बसू नको. शेजारणीनं दिलेलं खाऊ नको, लाडू आणू नको, इथं कोणी खात नाही, मायला सांगू नको मी असं म्हणलो, दोनच दे म्हणावं. उतरल्यावर मी दिसलो नाही तर हलायचं नाही, माझी ड्यूटी लांबली असंल. मुलाखतीत म्हशीचा विनोद करू नको. किंवा कर, मला काय कळतं. ती बाई काय विचारती ते आधी ऐक.

बाबाला फोन केला मी. त्यांनी उचलला. मी म्हणलं, बाबा, जेवलात का? ते म्हणले, "काय?" मी परत विचारलं. ते म्हणले, "जेवलो." मग फोन ठेवला. एवढंच बोलणं झालं. मला अजून राग आहे, त्यांना पण आहे, असू दे.

दत्ताचा मात्र मला लय राग आलाय. साखरपुड्याच्या आधी नाव लिहायची घाई कुणी सांगितली होती? आणि मोर कशाला? साधं लिहिलं असतं तर पाण्यानं गेलं असतं. आणि त्या रंगाऱ्याला म्हणावं, वैजूनं एक 'हो' खरवडला तेव्हा त्याला कोणी मजुरी दिली नाही. तरी देतो. दत्ताला फोन केला होता, तो पहिल्यांदा नाही नाही म्हणला, मग रंगाऱ्याचा भाव सांगितला. खरवडायचे साडेसातशे. मी म्हणलं, काच मोकळी ठेवू नको, लोक विचारतील. आत्या जन्मभर पोराच्या जीपमध्ये पुढं बसती, तिचं नाव आजपर्यंत कोणी कशावर लिहिलं का? मोर राहू दे म्हणलं, खाली 'केशरबाई' लिही. त्याचे पाचशे. आत्याला सांगू नको म्हणावं, तिचं तिला दिसू दे.

बाबाच्या खात्यावर टाकायलोय, तू काढून दत्ताला दे. साडेबाराशे.

वैजीनाथ